आधी स्टँड, मग साखळी!

मोटरसायकल उचलायचा स्टँड कसा निवडावा, हा आपल्या बायकांचा विषय नव्हे असं कुणी म्हणेल. पण मैत्रिणींनो, पैसे घरखर्चातूनच जातात ना? आणि बोट चिमटलं की हळद घेऊन धावायचं कुणी?

आमच्या ह्यांच्या चेतकच्या काळात हा प्रश्नच नव्हता. बजाजच्या त्या स्कूटरला साखळी नसे, आणि मधल्या स्टँडवर चढवली की ती खांबासारखी उभी. फार तर सकाळी रुसली तर एका अंगावर कलती करायची. चिरंजीवांनी मात्र आणली यामाहाची आर १५. देखणी आहे, नाही म्हणत नाही. पण आधार काय तो बाजूच्या स्टँडचा. मागचं चाक जमिनीवरून सुटत नाही, आणि चाक फिरल्याशिवाय साखळी साफ होत नाही.

त्यात आमचं मीरा-भाईंदर. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, जवळच मिठागरं. जिथं खिडकीचे गज रंग धरत नाहीत, तिथं उघड्या साखळीची काय कथा! दर ५०० किलोमीटरच्या आसपास आणि पावसात भिजली की लगेच तिला तेल हवं. लेक रोज घोडबंदर रस्त्यानं ठाण्याला जातो, म्हणजे महिन्यातून दोनदा तरी हा कार्यक्रम.

त्यावर बापलेकांनी युक्ती काढली. ह्यांनी गाडी कलती करून चाक उचलून धरायचं, लेकानं खाली बसून फडकं फिरवायचं. गाडी १४० किलोंच्या घरातली आणि ह्यांच्या कमरेला पट्टा! दुसरी युक्ती लेकाच्या मित्राची: इंजिन चालू ठेवून गिअर टाकायचा आणि फिरत्या साखळीवर फडकं धरायचं. ती ऐकली आणि माझ्या पोटात गोळाच आला. फडक्याचा एक धागा दात्यांत अडकला की फडकं आत जातं, आणि फडक्यामागून बोटं. मी स्पष्ट सांगितलं, आधी स्टँड, मग साखळी.

मग शोधाशोध. गॅरेजवाल्यांकडे असतो तो अख्खी गाडी वर नेणारा पाट आमच्यासाठी नव्हेच. आमचं 'गॅरेज' म्हणजे सोसायटीच्या खांबांमधली एक जागा. दुसरा प्रकार कात्रीसारखा उघडणारा जॅक. तो इंजिनाखाली लावतात, पण खाली टेकायला सपाट, भक्कम जागा हवी. आमच्या गाडीच्या पोटाखाली प्लॅस्टिकचं आवरण, त्यावर भार कसा द्यायचा? उरला पॅडॉक स्टँड: लोखंडी नळीचा, दोन छोट्या चाकांचा. मागच्या चाकाला धरणाऱ्या दांड्याखाली तो अडकवायचा आणि मूठ खाली दाबायची. विहिरीवरच्या ओकतीचंच तत्त्व. दांडा लांब म्हणून जोर कमी. शिवाय सगळी गाडी उचलायची नसते, फक्त मागचा भाग.

दुकानात मी कुकर पारखते तसाच तो पारखला. वेल्डिंग सलग आहे का, नुसतं ठिपक्याठिपक्यांचं? गाडी टेकते तिथं जाड रबर आहे का? रुंदी कमी-जास्त करता येते का? गाडीच्या वजनाला पुरून उरेल एवढा भार तो पेलतो का? सर्वांत स्वस्त होता त्याची चाकं हातानंच डुगडुगत होती. तो मी बाजूला ठेवला. थोडे जास्त पैसे मोजले. ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पट्ट्याकडे बघून गप्प बसले.

आमच्याकडे आता नियम आहे: जमीन सपाट हवी, पाणी वाहून जाण्यासाठी उतार ठेवलाय तिथं नाही. उचलताना एकानं पुढं हँडल धरायचं, बाजूचा स्टँड खालीच ठेवायचा. इंजिन बंद, किल्ली माझ्याकडे! चाक हातानं फिरवायचं, जुन्या टूथब्रशनं घासायचं.

परवा सेक्रेटरी खाली आले. मला वाटलं, तेलाच्या डागांवरून बोलणार. खाली जुनं वर्तमानपत्र पसरलेलं बघून त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "वहिनी, रविवारी तासभर मिळेल का हा?"