तांबडी आली नाही

तिन्हीसांजेला कोंबड्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्या आपणहून खुराड्याकडे वळतात. आज तांबडी वळली नाही. माडांच्या आळ्यांत, लाकडांच्या रचीमागे, विहिरीपाशी बॅटरी मारून आलो. पिसं विखुरलेली नाहीत, रक्ताचा डागही नाही.

कोकणात परसातली कोंबडी गेली की मुंगूस, कोल्हा, रानमांजर ही नावं आधी तोंडावर येतात. शेजारच्या काकू मात्र म्हणाल्या, "खुडूक झाली असेल रे, बसली असेल खंय तरी." तेही शक्य आहे. खुडूक कोंबडी आडोशाला लपून साधारण 21 दिवस अंडी उबवते आणि दाणापाण्यापुरतीच उठते.

आमच्याकडे रविवारी कोंबडीचं सुकं होतं, आणि आज तांबडीपायी घास उतरत नाही. नाव ठेवलेल्या जिवाचा हिशेब वेगळा. ही विसंगती मला मान्य आहे; कुणी हसलं तर हसो.

तुमची कोंबडी हरवली, तर लगेच आशा सोडू नका. सकाळी परसात मूठभर दाणे टाका आणि लांबून लक्ष ठेवा. खुडूक कोंबडी खाऊन जिथे परतते, तिथेच तिची अंडी असतात.