रकाना भरला, पण कळवलं का?

ऑनलाइन अर्जात कायमचा पत्ता भरून झाला की खाली एक चौकोन असतो : ‘पत्रव्यवहाराचा पत्ता वरीलप्रमाणेच’. त्यावर टिक केली की घर क्रमांक, गाव, जिल्हा, पिनकोड सगळं क्षणात खाली उतरतं. अर्जदाराचं काम तिथे संपतं. अर्ज बांधणाऱ्याची खरी परीक्षा मात्र याच चौकोनात असते, असं माझं ठाम मत आहे.

हा पत्ता सर्व्हरकडे न जाता ब्राउझरमध्येच उतरतो. ही सोय १९९५ची. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना उभा केला. डिसेंबरात ती जावास्क्रिप्ट या नावाने जाहीर झाली. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून चाले. एक रकाना रिकामा राहिला, तरी अर्ज सर्व्हरपर्यंत जाऊन चूक घेऊन परत येई. ही तपासणी घरच्या घरी उरकणं, हे या भाषेचं सुरुवातीचं मोठं काम.

रकान्यात बदल करायचा तर आधी तो सापडायला हवा. पूर्वी प्रत्येक ब्राउझरची वाट निराळी होती. ऑक्टोबर १९९८मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने डॉमचा, म्हणजे पानाचे घटक स्क्रिप्टला हाताळता यावेत यासाठीच्या मानकाचा, पहिला स्तर प्रसिद्ध केला आणि ‘गेटएलिमेंटबायआयडी’ ही समान वाट मिळाली. पण रकान्याला दोन ओळखी असतात. स्क्रिप्ट त्याला आयडीने शोधते, सर्व्हरकडे मजकूर जातो तो नेमसह. आयडी दिला आणि नेम राहून गेलं, तर पडद्यावर भरलेला दिसणारा रकाना सर्व्हरला कधीच मिळत नाही.

आता जिल्हा पाहू. माणसाने यादीतून पुणे निवडलं की ब्राउझर ‘चेंज’ ही घटना जाहीर करतो आणि ती ऐकून तालुक्यांची यादी भरते. स्क्रिप्टने रकान्याची व्हॅल्यू, म्हणजे त्यातलं मूल्य, बदलून तेच पुणे लिहिलं, तर ब्राउझर काहीही जाहीर करत नाही. जिल्हा दिसतो, तालुक्यांची यादी रिकामीच. त्या रिकाम्या यादीत हवेली किंवा मुळशी लिहू गेलं, तर निवड कोरी पडते. म्हणून जिल्हा बदलल्यावर ‘डिस्पॅचइव्हेंट’ने तशी वर्दी द्यावी लागते, आणि तालुके सर्व्हरकडून येत असतील तर ते येईपर्यंत थांबावंही लागतं.

उतरवलेला पत्ता कोणी बदलू नये म्हणून अनेक जण ते रकाने ‘डिसेबल्ड’ करतात. असे रकाने अर्जासोबत जातच नाहीत! मजकुराच्या रकान्याला ‘रीडओन्ली’ करावं. तो बदलता येत नाही, पण पोचतो. निवडयादीला मात्र रीडओन्ली लागू होत नाही. तिथे जिल्ह्याचं मूल्य एका छुप्या रकान्यात ठेवणं हा रुळलेला उपाय आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण याहून खोल आहे. रकान्याची व्हॅल्यू नेहमी अक्षरमाला म्हणून हाती येते. म्हणून १२ आणि ५ यांची थेट बेरीज केली तर १२५ मिळतात. हे टाळायला जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ वापरून आधी संख्या करून घेतात. पण हे ‘नंबर’ देवनागरी अंक ओळखत नाही; ‘ही संख्याच नव्हे’ असं उत्तर देतं. देवनागरीत लिहिलेला पिनकोडही केवळ इंग्रजी अंकांसाठी बेतलेल्या तपासणीत नापास होतो. मजकुराची लांबी मर्यादित करणाऱ्या ‘मॅक्सलेंग्थ’ची मोजणीही वाचकाची नव्हे : ‘लक्ष्मी’मध्ये आपल्याला दोन अक्षरं दिसतात, ब्राउझर सात मोजतो. वीसची मर्यादा घातली की जोडाक्षरांचं लांब आडनाव मध्येच तुटतं.

देवनागरी अंक आधी इंग्रजीत बदलून घेणं हे चार ओळींचं काम आहे. मराठी अर्ज बांधणाऱ्या प्रत्येकाने तो खुला करण्याआधी पिनकोड देवनागरीत आणि नाव जोडाक्षरांचं भरून पाहावं, आणि रकान्यांची तपासणी सर्व्हरवरही ठेवावी. ब्राउझरमधली तपासणी कोणालाही बंद करता येते.