लाकडात मुरलेलं कुंकू

जुन्या रायफलीकडे पाहायला तिरपा उजेड लागतो. भर दुपारचा, डोक्यावरून कोसळणारा उजेड तिला सपाट करून टाकतो. लोखंड नुसतं काळं दिसतं, लाकूड नुसतं तपकिरी. पण हिवाळ्यात, पंचगंगेवरचं धुकं विरत असताना, जो पिवळसर आडवा प्रकाश इचलकरंजीच्या गल्लीबोळांतल्या मागांच्या शेडमध्ये शिरतो आणि हवेत तरंगणाऱ्या कापसाच्या तुसालाही सोनेरी कड लावून जातो, त्या प्रकाशात ती धरली, की नळीवरचा निळा-काळा मुलामा कडांपाशी विटून जांभळट झालेला दिसतो, बोल्टच्या मुठीवर बोटांनी घासून घासून उघडी पडलेली चांदी दिसते, आणि दस्त्यावर, जिथे नेम धरताना माणूस ओठंगतो तिथे, घामाने आणि जवसाच्या तेलाने आणलेली खोल, मधाळ झाक दिसते. तिथे कुणाचा तरी गाल होता.

अस्सलपण तपासणारे लोक आधी आकडे बघतात. बॉडीवर ठोकलेला क्रमांक, तोच नळीवर, तोच बोल्टवर, तोच पुढच्या टोपीवर, साइटच्या पट्टीखाली, पुढच्या लाकडाच्या पोटात. सगळीकडे एकच आकडा भेटला की किंमत चढते. मग ते अक्षरांच्या कडा बघतात. थंड लोखंडावर ठसा मारला की धातू बाजूला उचलला जातो, अक्षराला किंचित ओठ येतात. कुणी मागाहून घासून नवा मुलामा चढवला असेल तर ते ओठ झिजून जातात, राजमुकुटाचा ठसा पुसट होतो, साल पाण्यात पडल्यासारखं थरथरतं. मग लाकूड. कारखान्यातून आलेलं लाकूड दस्त्याच्या पितळी पट्टीपेक्षा केसभर वर असतं. पॉलिशपेपर फिरला की ते खाली बसतं आणि पितळ उघडं पडतं.

हे सगळं मला शिकवलं ते आमच्या कॉलेजातल्या एनसीसीच्या उस्तादांनी. ते हवालदार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, गाव शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी. जिथे घराघरातून माणूस फौजेत गेला आणि गावाच्या नावालाच वर्दी चढली. कवायतीच्या थ्री-नॉट-थ्री रायफली निकामी केलेल्या, नळीला भोक पाडलेलं, लाकडावर पांढरे पट्टे. आम्ही मुली त्या चार किलोंच्या ओझ्याने खांदे चोळत परत यायचो आणि उस्ताद कोतात, म्हणजे शस्त्रांच्या खोलीत, एकेक रायफल मांडीवर घेऊन बसायचे. पुलथ्रूच्या, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीच्या, टोकाला चिंधी बांधायची, तेलात बुडवायची, एका ओढीत नळीतून काढायची. ती चिंधी बहुधा आमच्याच गावच्या मागावर विणलेली असावी, असं मला तेव्हाही वाटायचं. ‘‘बोटानं बघ पोरी, डोळ्यानं नगं,’’ ते म्हणायचे, ‘‘लाकूड लोखंडाच्या वर हाय का खाली, ते डोळ्याला कळत न्हाई.’’

मी डोळे मिटायची. बोटाला कळायचं.

त्या रायफलींतली एकही जुळलेली नव्हती. बोल्टवर एक आकडा, बॉडीवर दुसरा. जुना आकडा आडवी रेघ मारून खोडलेला, शेजारी नवा ठोकलेला. पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू आरपार गेलेला. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात लाकूड तडकू नये म्हणून असा स्क्रू घालत. तो दिसला की जगातला कुठलाही जाणकार न विचारता सांगतो, ही हिंदुस्थानात राहिलेली आहे. काहींवर काळा रंग फासलेला. काहींवर जॉर्ज राजाचा मुकुट आणि त्याच्या शेजारी नंतरच्या दुरुस्तीचे शिक्के, एका राज्यावर दुसरं राज्य टेकलेलं. परदेशातल्या लिलावात अशा रायफलीला दुय्यम दर मिळतो. जिला कुणी हात लावला नाही, जी पेटीतल्या ग्रीजमध्ये पन्नास वर्षं झोपून राहिली, तिला पहिला मान. मला हा हिशेब कधीच पटला नाही. ज्या गावात मागाचा धोटा बदलतो, पिकर बदलतो, जॉबर रात्री कानाने आवाज ऐकून नेमका कुठला भाग थकला ते सांगतो आणि तरी माग तोच राहतो, बापाचा माग म्हणूनच मुलाकडे येतो, त्या गावात वाढलेल्या बाईला दुरुस्ती हा उणेपणा कसा वाटावा?

खोटेपणा वेगळा. खैबरच्या बाजूला, दर्रा आदमखेलच्या दुकानांत, कारागिरांनी साध्या हत्यारांनी विलायती रायफली हुबेहूब घडवल्या. कधी मुकुटाखाली व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं आणि त्याखाली १९०१ नंतरचं साल, म्हणजे राणी गेल्यावरचं. कधी इंग्रजी अक्षर आरशातल्यासारखं उलटं. वाचता न येणाऱ्या हाताने ते चित्र म्हणून कोरलेलं असतं. बाजार तिला नकली म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण त्या उलट्या अक्षरापाशी मी थबकते. भाता, कानस, ऐरण आणि न कळणाऱ्या लिपीवरची ती अपार निष्ठा.

सगळ्यात जास्त मला अस्वस्थ करते ती मात्र एक पूर्ण अस्सल वस्तू.

३१ जुलै १८५७च्या रात्री कोल्हापुरात २७व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या शिपायांनी उठाव केला. तो मोडला. देशभरातला उठाव मोडल्यावर सरकारने हिंदी शिपायाच्या हातची बंदूकच बदलली. एन्फिल्ड रायफलीच्या नळीत आतून वळणदार खाचा असतात, गोळी त्यांत फिरत फिरत जाते म्हणून लांबवर सरळ लागते. हिंदी पलटणींसाठी त्या खाचा काढलेल्या, आतून गुळगुळीत नळीच्या एन्फिल्ड आल्या. बाहेरून जवळपास तीच बंदूक, तोच दस्ता, तोच चाप. पण आतलं वळण गेलेलं. आज ती हातात आली आणि नळीतून उजेडाकडे पाहिलं, तर आतमध्ये एकही रेघ नसलेलं, काचेसारखं स्वच्छ वर्तुळ दिसतं. नवखा म्हणेल, झिजली. जाणकार म्हणेल, नाही, हीच अस्सल. ते गुळगुळीतपण म्हणजे हुकूम आहे. पुढे पोलिसांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी इशापुरात थ्री-नॉट-थ्रीच्या .४१० मस्केट केल्या, मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून, एका वेळी एकच गोळी, आणि बोअर वेगळा, म्हणजे हिसकावून घेतली तरी फौजेची काडतुसं तिला चालू नयेत. अविश्वास इतक्या नीटस सुतारकामात मी दुसरीकडे पाहिलेला नाही. त्या ठोकळ्याचे कोपरे किती प्रेमाने घासलेत!

आणि त्याच अविश्वासाखालून पहिल्या महायुद्धात मराठे मेसोपोटेमियात गेले. ११७व्या मराठा पलटणीसह तीन मराठा पलटणी कुत-अल-अमारात वेढ्यात अडकल्या, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६; तैग्रिसच्या काठी उपासमार, शेवटी शरणागती, त्याआधी तोफा फोडल्या गेल्या, दारूगोळा नष्ट केला गेला. त्याच १९१६ साली, घाईच्या कारखानदारीत, थ्री-नॉट-थ्रीचं नवं रूप मंजूर झालं आणि खर्च वाचवण्यासाठी बारीकसारीक भाग गाळले गेले. दस्त्यावरची एक लहान पितळी चकती त्यांत गेली. तिच्यावर पलटणीचं नाव कोरायचे. माणसं एवढी मरत होती त्या सालात नाव लिहायची जागा काढून टाकली गेली. संग्राहक चकती आहे की नाही एवढंच टिपून घेतो. मी त्या रिकाम्या लाकडावरून अंगठा फिरवते. ज्या बंदुकांनी सगळ्यात जास्त पाहिलं, त्या तैग्रिसच्या गाळात आहेत किंवा वितळून गेल्या आहेत. मोल करायला हाती उरतात त्या वाचलेल्या, म्हणजे मूळ गर्दीतून मागे राहिलेल्या.

आपल्याकडे मोल तरी कोण करणार? .३०३ हा निषिद्ध बोअर. साध्या माणसाला तिचा परवाना नाही, म्हणून तर इशापूरने तीच ठेवण ठेवून नागरिकांसाठी .३१५ची शिकारी रायफल काढली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत येतात. शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, देशाबाहेर विकता येत नाही. बाजाराचा हात असा मागे सरला, की पाहणं तेवढं उरतं.

खंडेनवमीला इचलकरंजीत माग बंद असतात. वर्षभर कानात भरून राहिलेला खडखडाट थांबतो आणि गाव क्षणभर बहिरं झाल्यासारखं वाटतं; धुऊन पुसलेल्या मागांना झेंडू, हळद, कुंकू, धोट्यालाही एक बोट. त्याच दिवशी कोतात रायफलींची पूजा. उस्ताद प्रत्येकीच्या लाकडावर कुंकवाचं बोट टेकवायचे, खोडलेल्या आकड्यांच्या, काळ्या रंगाच्या, भोक पाडलेल्या त्या सगळ्याजणींवर. दुसऱ्या दिवशी पुसलं तरी अक्रोडाच्या लाकडाच्या रेषांत तांबूस काही उरायचंच, वर्षावर वर्ष, तेलाबरोबर मुरत. लिलावाच्या यादीत याची नोंद ‘डाग’ अशी होईल. जिने माणूस मारला असेल किंवा मारणाऱ्याला तारलं असेल, तिच्यासमोर कुणीतरी हात जोडले, त्याचा हा एकमेव लेखी पुरावा, आणि तो पुसला जाऊ शकतो याची मला फार भीती वाटते.

म्हणून ज्यांच्या ताब्यात अशा रायफली आहेत, वाड्यांत, संग्रहालयांत, शाळांच्या काचकपाटांत, त्यांना माझी विनंती आहे. रायफलींना चकाकी आणू नका. व्हर्निश नको, पॉलिशपेपर नको. जवसाच्या तेलाचं एक बोट पुरे, लोखंडाला कोरडी चिंधी आणि तेलाचा पातळ हात. आडवा स्क्रू काढून भोक बुजवू नका. न जुळणारे आकडे लपवू नका, खोडलेला आकडाही वाचून लिहा. कारखान्याच्या सालाखाली दुरुस्तीचं साल सापडत असेल तर तेही पाटीवर घ्या, कुठे झाली तेही घ्या. आणि जागा कमी पडली, तर राजाचं नाव बारीक अक्षरात घाला.