मंजुरीच्या अलीकडे

पावसाळ्याच्या शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘ऑपरेशन करूया.’ तेव्हा निपाणीच्या काळ्या रानांत तंबाखूची रोपं नुकती जीव धरत होती. आता त्यांचे शेंडे खुडून झाले, बगलेतले फुटवे काढून झाले, पानं जाड झाली. शेंडा खुडला की झाडाची उंची थांबते आणि सगळा कस पानांत उतरतो, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. कापणी तोंडावर आली आहे. माझी तारीख अजून यायची आहे.

आमच्याकडं सगळे त्याला ‘वजनाचं ऑपरेशन’ म्हणतात. माझ्यासाठी डॉक्टरांनी निवडली ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. पोटावर चार-पाच बारीक छेद घेऊन, दुर्बिणीच्या मदतीनं जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि एक अरुंद नळी मागं ठेवतात. जो भाग जातो त्यात जठराचा वरचा घुमट असतो, आणि भूक जागी करणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः तिथंच तयार होतं. अन्नाची जागा आकसते, तशी अन्नाची हाकही मंदावते. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी माझे डोळे भरून आले. लोक जिला माझ्या स्वभावातली खोट म्हणत आले, ती हाक शरीरातल्या एका ठिकाणाहून उठते. तिला नाव आहे, तिच्यावर इलाज आहे.

निपाणीहून बेळगाव पाऊणशे किलोमीटर. स्तवनिधीचा घाट ओलांडला की संकेश्वरचा उसाचा पट्टा, मग हत्तरगी, यमकनमर्डी, वंटमुरीचा चढ, काकती, आणि मग गार वाऱ्याचं बेळगाव. कोल्हापूर याच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर. कागल तर अगदी शेजारी. पण माझ्या पॉलिसीच्या यादीतलं, हे ऑपरेशन करणारं रुग्णालय बेळगावातलं निघालं. सीमाभागातल्या माणसाला हा हिशेब नवा नाही. कुठल्या राज्याचं कार्ड कुठल्या दवाखान्यात चालतं, याची माहिती इथं घरोघरी ठेवावी लागते. २०२३ साली महाराष्ट्र शासनानं इथल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटक सरकारनं हरकत घेतली, आणि त्या दोन कागदांच्या मधे आजारी माणूस उभा राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. २००४ पासून त्यावरचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आमचे अप्पा, माझे चुलते, तरुणपणापासून दर १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत चालत आले. यंदा दंडाला काळी फीत बांधून निघताना ते माझ्या दारात थांबले. म्हणाले, ‘पोरी, वाट बघायची तर पाय चालते ठेवायचे. बसून राहिलं की वाट माणसाला खाते.’

मी पाय चालते ठेवले आहेत. डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. पहाटे तंबाखूच्या वखारींच्या भिंतींकडेनं चालत जाते. बंद दारांतूनही तो वास येतो, नाकाच्या मुळाशी झोंबतो. घरी आले की तीन चेंडूंचं यंत्र हातात घ्यायचं आणि श्वास आत ओढून ते चेंडू एकेक करून वर उचलायचे. भूल उतरल्यावर फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून हा सराव. पहिला चेंडू सहज उठतो, दुसरा थरथरत उठतो, तिसऱ्यासाठी छाती पणाला लावावी लागते.

डॉक्टरांच्या बाजूची तयारी मोठी होती. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, थायरॉइड, यकृताची सोनोग्राफी, एंडोस्कोपी, झोपेची तपासणी. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, ‘ऑपरेशननंतर काय बदलावं असं वाटतं?’ मी म्हटलं, ‘रात्र.’ झोपेत तासाला तीस किंवा त्याहून अधिक वेळा श्वास अडखळला तर तो तीव्र स्लीप ॲप्निया. माझा अहवाल त्याच रकान्यात बसला. घरात मात्र ही गोष्ट यंत्राच्या आधी कळली होती. कित्येक वर्षं हे माझ्या शेजारी अर्धे जागे राहून झोपत आले आहेत. श्वास थांबला की खांद्याला हात लावतात, ‘अगं, कुशीवर हो जरा’ म्हणतात, आणि श्वास परत सुरू झालेला ऐकून मगच डोळे मिटतात. अहवालात माझा थांबलेला प्रत्येक श्वास मोजलेला आहे. तो परत सुरू करून देणाऱ्या हाताला तिथं रकाना नाही.

मग विम्याची मंजुरी. विमा नियामक प्राधिकरणानं २०१९ साली आखून दिलेल्या नियमाप्रमाणे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४० किंवा त्यापुढे हवा. नाहीतर निदान ३५ हवा आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया, आटोक्यात न येणारा मधुमेह यांतलं काहीतरी. शिवाय वजन उतरवायचे साधे उपाय करून ते फसलेले असले पाहिजेत. माझा बीएमआय ३६. मधुमेह आहे, ॲप्निया आहे. उरला तो साध्या उपायांच्या अपयशाचा पुरावा. २०२४च्या मे महिन्यातल्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा असतो. माझ्या विनंतीवर विचारणेचं पत्र आलं, त्याला उत्तर दिल्यावर आणखी एक विचारणा आली.

म्हणून मी जुनी ट्रंक उघडली. आहारतज्ज्ञांचे तक्ते, वैद्यांच्या चिठ्ठ्या, योगवर्गाच्या पावत्या, आणि माझी एक वही, जिच्यात दर सोमवारचं वजन लिहिलेलं. कागद जमिनीवर मांडत गेले तशी वर्षं समोर येत गेली. धाकटीच्या जन्मानंतरचा तक्ता, सासऱ्यांच्या आजारपणात अर्ध्यावर सुटलेला वर्ग, लॉकडाऊनमधे गच्चीवर घातलेल्या फेऱ्यांची नोंद. प्रत्येक वेळी वजन उतरलं होतं आणि प्रत्येक वेळी परत चढलं होतं. कंपनीला त्यात अपयश वाचायचं होतं. मला तिथं एका बाईची चिकाटी दिसली, आणि त्या कागदांच्या छायाप्रती मी ताठ मानेनं पाठवल्या.

वजन परत का चढतं, यावर २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमधे झालेलं एक संशोधन प्रसिद्ध आहे. कडक आहारानं वजन उतरवलेल्या माणसांच्या रक्तातली संप्रेरकं वर्षभरानं तपासली, तेव्हाही घ्रेलिन वाढलेलं आणि पोट भरल्याची खूण देणारी संप्रेरकं घटलेली आढळली. वजन गेलं, पण शरीर ते गेलेलं धन परत मागत राहिलं. माझ्या सोमवारच्या वहीचा अर्थ मला तिथं सापडला.

आमच्या भागात उपवासाला मोठा मान आहे. दिगंबर जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराज इथूनच जवळच्या भोज गावचे. १९५५ साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखनेनं, अन्नपाणी क्रमाक्रमानं सोडून, देह ठेवला. शेजारच्या पाटील काकू चातुर्मासात दिवसदिवस पाण्यावर राहतात. त्यांच्या व्रतापुढं मी मनापासून वाकते. पण ‘त्या राहतात, मग तुला काय होतंय?’ हा प्रश्न मला आयुष्यभर ऐकावा लागला. व्रत माणूस निवडतो आणि त्याचं पारणंही ठरवतो. माझ्या भुकेला पारणं नव्हतं. काकूंना मी घ्रेलिनची गोष्ट सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘म्हणजे तुझा आमच्यापेक्षा अवघड उपास चाललाय की गं.’ मला तेवढं पुरलं.

ही भूक आली कुठून, हा प्रश्न मला जास्त खोल नेतो. भारतातले शल्यविशारद या शस्त्रक्रियेसाठी बीएमआयची रेषा पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरत आले आहेत: बरीच वर्षं ४० ऐवजी ३७.५, ३५ ऐवजी ३२.५. आपल्या अंगात तेवढ्याच वजनाला चरबी अधिक असते आणि मधुमेह लवकर गाठतो, हे त्यामागचं कारण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, हातपाय बारीक. पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी आईच्या पोटातूनच जपून आणलेली. आईच्या ताटात कमी पडतं ते बाळाचं शरीर गर्भातच ओळखतं आणि पुढच्या टंचाईची बेगमी करून जन्माला येतं, असं त्यावरून मांडलं जातं.

हे वाचलं आणि मला आज्जी दिसली. ती निपाणीच्या वखारीत तंबाखू कुटायला-चाळायला जायची. फडकं नाकाला बांधायचं, दिवसभर धुळीत बसायचं, सोबत अर्धी भाकरी आणि मिरचीचा खर्डा. उरलेली अर्धी घरच्या पोरांची. १९७२च्या दुष्काळात माझी आई गरोदर होती. त्र्याहत्तरला मी झाले. १९८१च्या वसंतात तंबाखूच्या दरासाठी शेतकरी इथल्या हमरस्त्यावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलला त्यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा मी शाळकरी पोर होते. दर पडला की भाकरी पातळ व्हायची, एवढं त्या वयातही समजायचं. पुढं दिवस पालटले. उसाला पाणी आलं, रेशनवर तांदूळ आला, बेकरीची खारी आणि बेळगावचा कुंदा हातात आला. शरीराला ते कुणी सांगितलं नाही. ते आज्जीच्या अर्ध्या भाकरीचा हिशेब ठेवत राहिलं आणि आलेला प्रत्येक घास साठवत राहिलं.

म्हणून या देहावर मला रागावता येत नाही. दुष्काळातून तगून येण्याचं शहाणपण तीन बायकांनी एकमेकींच्या हाती दिलं, ते माझ्यापाशी वजन होऊन उभं आहे. आई विचारते, ‘देवानं दिलेलं चांगलं पोट कापून टाकायचं?’ मी तिच्याजवळ बसते, तिचे हात हातात घेते. सांगते, ‘ज्यानं तुला-मला जगवलं, त्याचं काम झालं गं. आता त्याला सुट्टी देते.’ ती मान हलवते, पण दुसऱ्या दिवशी देवापुढं माझ्या नावानं नारळ ठेवते.

या दिवसांत मी जेवण फार लक्ष देऊन जेवते. ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे कमी कॅलरीचा, प्रथिनांचा आहार असेल. त्यानं यकृत आक्रसतं आणि सर्जनला जठरापर्यंत पोचणं सोपं जातं. नंतरचे दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ गुरगुट्या भात, मग हळूहळू नेहमीचं जेवण, थोडं थोडं, चावून चावून. जीवनसत्त्वांच्या गोळ्या कायमच्या. बी-१२ आणि लोहाची तपासणी वरचेवर. ऑपरेशन ही सुरुवात आहे, हे डॉक्टर दर भेटीत बजावतात. म्हणून आता ज्वारीची भाकरी तव्यावर फुगते ती बघते, शेंगदाण्याच्या चटणीचा खमंगपणा जिभेवर रेंगाळू देते. अन्नाशी माझं भांडण कधीच नव्हतं. पुढंही नसेल, घास लहान होतील आणि बरोबर बसणारी माणसं तीच राहतील.

रुग्णालयाच्या विमा खिडकीपाशी लांब बाक आहे. गोव्याचे, चंदगडचे, खानापूरचे, गोकाकचे लोक तिथं शेजारी शेजारी बसतात. मराठी, कानडी, कोंकणी एकमेकांत मिसळत असतात. संमतीपत्रातला कानडी मजकूर एका नर्सबाईंनी मला ओळ न् ओळ मराठीत सांगितला, त्यातल्या धोक्यांसकट: टाक्यांतून गळती, रक्तस्राव, गुठळी. घाई न करता, मला कळलं का हे विचारत. त्या दिवशी यमकनमर्डीकडची एक तरुण मुलगी तिथं आली होती. ओढणीनं स्वतःला झाकत, बाकाच्या अगदी कडेला बसलेली. माझी फाइल बघून हळूच म्हणाली, ‘मावशी, तुम्हीपण त्याच्यासाठीच काय? लोक काय म्हणत्यात वो तुम्हाला?’

तिला जागा करून दिली आणि वहीचं पान फाडून यादी लिहिली. पॉलिसी घेतल्याची मूळ तारीख बघ; आधीपासूनच्या आजारांसाठीची थांबण्याची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे. पूर्वी केलेल्या प्रत्येक उपायाचा कागद ठेव, तारखेसह. झोपेची तपासणी करून घे. विचारणा आली तर उत्तर लेखी दे आणि पोच घे. नकार आला तर कारण लेखी माग. कंपनीच्या तक्रार कक्षात जा, तिथं दाद नाही मिळाली तर आपल्यासाठी बेंगळुरूला विमा लोकपाल आहेत, त्यांच्याकडं वकिलाशिवाय अर्ज करता येतो. मी स्वतः तिथवर जायची तयारी ठेवली आहे. यादीच्या शेवटी माझा फोन नंबर लिहिला, आणि तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी दिलं: लोक म्हणतात ते म्हणू देत, तू सरळ बस, तू आजारावर औषध मागायला आली आहेस. तिनं ओढणी सैल केली आणि कागदावरची पहिली ओळ मोठ्यानं वाचायला लागली.