ह्यूस्टनमधील एक छोटा पडदा

ह्यूस्टन शहराच्या मध्यभागी, डिस्कव्हरी ग्रीन या उद्यानासमोर, जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरची लांबच लांब वास्तू उभी आहे. लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांमुळे ती दुरून नांगर टाकलेल्या जहाजासारखी भासते. एप्रिल २०२४ मध्ये येथे ‘फर्स्ट’ या संस्थेची विद्यार्थ्यांची जागतिक रोबोट स्पर्धा भरली होती. डीन केमन यांनी १९८९ मध्ये ही संस्था स्थापन केली. १९९२ च्या पहिल्या स्पर्धेत अवघे २८ संघ होते. आमची नात टेक्सासमधील एका संघात प्रोग्रामिंग करते, म्हणून आम्हा उभयतांना हा योग आला.

संघांच्या दुरुस्ती-कक्षांत शिरताना सुरक्षा-चष्मा सक्तीचा. स्वतःच्या चष्म्यावर दुसरा चष्मा चढवणे ही या वयात कसरतच! करवतीच्या आवाजात नातीने लॅपटॉप उघडून आपला डॅशबोर्ड दाखवला. रोबोटवरील संगणक बॅटरीचा दाब, यांत्रिक हाताचा कोन, नारिंगी कडे पकडीत आहे की नाही, हे सारे आकडे वायरलेसने पाठवतो आणि साध्या ब्राउझरमधील पानावर ते उमटतात. चौकटी सरकवता येतात, मोठ्या करता येतात, काढूनही टाकता येतात. प्रोग्रामरसाठी वीसेक चौकटी होत्या. चालक मुलीने मात्र तीनच ठेवल्या होत्या. मला तिचीच निवड पटली. अडीच मिनिटांच्या सामन्यात पडदा वाचायला सवड कोणाला?

२०२४ च्या सामन्यांत पहिली १५ सेकंदे रोबोट स्वयंचलित धावत असे, तेव्हा चालकांनी नियंत्रणाला हात लावायचा नसे. त्यासाठीचा कार्यक्रम आधीच यादीतून निवडावा लागतो. नातीच्या पानावर आपण निवडलेले नाव नव्हे, तर रोबोटने स्वीकारून परत कळवलेले नाव दिसते. बँकेत जमापावतीवरील शिक्क्याचे जे महत्त्व, तेच हे. रोबोट सुरू वा बंद करण्याचा अधिकार मात्र या पानाला नाही. तो स्पर्धेच्या अधिकृत नियंत्रण-प्रणालीकडेच राहतो, आणि ते योग्यच आहे.

“आजोबा, खरी अडचण वेगळीच होती,” ती म्हणाली. हंगामातील एका सामन्यात रोबोट धावत होता, पण पानाशी त्याचा संपर्क तुटला होता. शेवटचा आकडा तसाच राहिला, हिरवा दिवा तसाच तेवत राहिला. कडे पकडीत आहे असे समजून चालक मुलगी लक्ष्यापाशी गेली. पकड रिकामी होती. पासबुकातील शिल्लक शेवटच्या नोंदीच्या तारखेपुरतीच खरी, हे मी चौतीस वर्षे खातेदारांना समजावत आलो. सोळा वर्षांची मुलगी ते एका सामन्यात शिकली होती. आता रोबोट दर क्षणी एक वाढता क्रमांक पाठवतो. तो अर्धा सेकंद थांबला, की सगळ्या चौकटी करड्या होतात.

दुपारच्या सामन्यात तसेच घडले. पारदर्शक भिंतीमागे पडदा करडा झालेला आम्हाला प्रेक्षागारातूनही दिसला. चालक मुलीने लगेच मान वर केली आणि उरलेला सामना थेट मैदानाकडे पाहत खेळून काढला. शेजारी नात मुठी आवळून बसली होती. कडे लक्ष्यात पडले तेव्हा तिने आजीचा हात इतका घट्ट धरला, की बांगडी वाकली.