धाव

गाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवितात, तिला आपल्या भाषेत 'धाव' म्हणतात. शर्यतीचे सारे रहस्य त्या एका शब्दात साठविलेले आहे, असे आम्ही पुष्कळ दिवस समजत होतो.

आमचे घर धानोऱ्याचे, म्हणजे गडचिरोलीहून मुरूमगावाकडे जाणाऱ्या रानवाटेवरचे. इकडे पीक घरात आले की शंकरपटाचे वारे वाहू लागते. सरळ पट्टी, दोन छकडे आणि काही क्षणांत निकाल! परवा आमच्या पुतण्याने मोटारींच्या अशाच सरळ शर्यतीसाठी टायर कोणते घ्यावे, असा प्रश्न केला. त्याच्या मते मागचे टायर रुंद, मऊ आणि हवा थोडी कमी भरलेले असावे. आम्हांस हसू आले. कारण पटाचा छकडा मागतो ते याच्या अगदी उलट. पण विचार करता दोन्ही खरेच. इंजिन ज्या चाकाला फिरविते, त्याने भुई घट्ट धरली पाहिजे. छकड्यात भुई धरावयाची ती बैलांच्या खुरांनी, चाकाने निमूटपणे मागे यावे एवढेच.

ते चाक हलके व्हावे म्हणून तरुणपणी आम्ही एकदा हट्ट धरला. सुतार म्हणाला, "बाबू, बारीक धाव पाटे धरून ठेवत नाही." धाव घेरापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चढवितात व वर पाणी ओततात; आकसताना ती पाटे, आरे, तुंबा यांना एकत्र आवळते. बारीक पट्टीत तेवढे बळ कोठून असणार? पण आम्ही पडलो शिकलेले! वजनाचा हिशेब केला आणि बारीकच चढविली.

अर्ध्या पट्टीपर्यंत आम्हीच पुढे होतो. मग उजवे चाक डगमगले, धाव निसटली, छकडा कलला आणि उजवा बैल गुडघ्यावर आला. धुरकरी खरचटण्यावर सुटला. बैलाचा पाय मात्र कायमचा अधू झाला. वडील एक शब्द बोलले नाहीत. रोज सायंकाळी तो पाय आम्हांकडूनच शेकवून घेत.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात त्यांना सशर्त मोकळीक दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. बंदीत गाव हळहळले, आमच्याने हळहळवले नाही. पट पुन्हा भरला तेव्हा पाहावयास मात्र गेलो, हे लपविण्यात अर्थ नाही.

पुतण्याला टायरच्या रुंदीबद्दल होकार दिला. हवा कमी केल्यावर त्याची कड लोखंडी रिमला कशी धरून राहील, असे विचारले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बसविणाऱ्याला विचारून सांगतो, काका."