वेग आणि वळण

मोटारींच्या शर्यती म्हणजे धनिकांच्या मुलांचा छंद, अशी आम्हां चिंताकीकरांची समजूत. पुण्याच्या डायना पुंडोले यांची वाटचाल पाहता ती टिकत नाही. या बाई व्यवसायाने शिक्षिका आणि दोन मुलांच्या आई. २०१८ साली महिलांसाठी झालेल्या निवड-उपक्रमातून त्या शर्यतींकडे वळल्या आणि २०२४ साली राष्ट्रीय स्पर्धेत सलून गटाच्या विजेत्या ठरल्या. मोटार-शर्यतीतील राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

सलून गटातील गाडी बाहेरून औराद-बीदर रस्त्यावरील मोटारीसारखीच दिसते; आत मात्र पोलादी नळ्यांचा पिंजरा बसविलेला असतो. चेन्नईजवळचा शर्यतीचा मार्ग सुमारे ३.७ किलोमीटरचा, त्यात बारा वळणे. सरळ रस्त्यावर वेग कोणालाही साधतो. वळणाआधी ब्रेक नेमका केव्हा दाबावा, यातच खरे कसब. तेथे बळापेक्षा संयम व अवधान कामास येते.

हे गुण आपल्या लेकीसुनांत उणे आहेत काय? आमच्या घरी सध्या हाच वाद आहे. सूनबाईंना मोटार शिकावयाची आहे. मातोश्रींना ते रुचत नाही. आम्ही एवढेच म्हणालो, “आई, मुलगा हैदराबादेस, आमची नजर अधू. रात्री-अपरात्री तुला बीदरच्या दवाखान्यात न्यायचे झाले, तर नेणार कोण?”

मातोश्री काही बोलल्या नाहीत. शिकाऊ परवान्याचा अर्ज मात्र गेला आहे.